फंकच्या लूपवर बीट करताय? या चुका टाळा

जुन्या फंक रेकॉर्डमधला दोन बारचा, म्हणजे आठ मात्रांचा तुकडा उचलला, लूप केला, वर रॅप चढवला. तरी बीट मेल्यासारखं वाजतंय? बहुतेक वेळा गुन्हेगार एकच असतो: क्वांटाइझ, म्हणजे प्रत्येक ठोका आपोआप मात्रांच्या आखीव चौकटीला (ग्रिडला) बसवणारं बटण.

१९६९ मध्ये ड्रमर क्लाइड स्टबलफील्डने फंक गायक जेम्स ब्राउनसाठी 'फंकी ड्रमर'चा ठेका वाजवला. त्यात स्नेअरच्या ठसठशीत ठोक्यांच्या मधे जेमतेम ऐकू येणारे हलके ठोके आहेत, त्या घोस्ट नोट्स. हिप-हॉपवाल्यांनी हा तुकडा शेकडो वेळा उचलला तो या पुटपुटण्यासाठी. तुम्ही सगळं ग्रिडला चिकटवता, वर कॉम्प्रेसर (आवाजातला चढउतार कमी करणारं साधन) दाबून प्रत्येक ठोका सारख्याच जोराचा करता. मग उरतं काय? क्वांटाइझची स्ट्रेंग्थ, म्हणजे ठोका किती ओढायचा ते प्रमाण, निम्म्यावर आणा किंवा क्वांटाइझ बंदच ठेवा. स्विंग (दर दुसरा ठोका जरा उशिरा टाकणं) वापरायचा तर ५० म्हणजे सरळ, ६६ म्हणजे जवळपास ट्रिप्लेट, म्हणजे मात्रेचे तीन समान भाग. ५४ ते ५८ मध्ये कान लावून शोधा. हिप-हॉप निर्माता जे डिला अनेकदा क्वांटाइझचं बटण बंद ठेवून हातानेच सॅम्पलरचे पॅड वाजवायचा. लय जराशी मागे ओढणारा तबलजी ऐकला असेल, तर त्यात काय मजा आहे हे वेगळं सांगायला नको.

लूप दर फेरीला उचकी देतो? मग कापण्याची जागा चुकली आहे. ब्राउनच्या बँडमध्ये सगळा जोर 'द वन'वर, म्हणजे बारच्या पहिल्या मात्रेवर असायचा. आपली समच म्हणा. किकचा आघात सुरू होतो तिथेच कापा. माणसाच्या हाताची लय थोडी सरकतेच, म्हणून अख्खा तुकडा ताणण्यापेक्षा ठोके सुटे करून पॅडवर मांडा. मी हे शिकेपर्यंत एका लूपवर आठवडा घालवलाय.

खालचा भाग गढूळ वाटला तर सॅम्पलमधला बास आणि तुमचा ८०८ (ड्रम मशीनचा खोल किक-बास) भांडतायत. एकाला बाहेर काढा.

'जुना आवाज' हवा म्हणून खरखरीचं प्लगइन लावणं म्हणजे बिघडलेल्या मिसळीवर जास्तीची शेव. १९८७ च्या एसपी-१२०० या सॅम्पलर मशीनमध्ये सॅम्पलिंगला मिळायचे जेमतेम दहा सेकंद. म्हणून ३३ ची रेकॉर्ड ४५ वर फिरवून भरायची आणि मशीनमध्ये पिच खाली आणायचा. तो खरबरीतपणा या काटकसरीतून आला. तुम्हीही सॅम्पल साधारण पाच सेमिटोन (पाच अर्धस्वर) वर नेऊन १२ बिटमध्ये रेकॉर्ड करा, मग खाली आणा.

आणि 'दोन सेकंद उचलले तर चालतं' हा समज सोडा. फंकाडेलिकच्या गिटारचा एवढाच तुकडा २००५ मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयात महागात पडला. २०१६ मध्ये तिथल्याच दुसऱ्या अपील न्यायालयाने वेगळा निकाल दिला, पण त्या भरवशावर गाणं सोडू नका. परवानग्या दोन लागतात: रेकॉर्डिंगची आणि रचनेची. तोच भाग स्वतः वाजवून रेकॉर्ड केलात, तर पहिली लागत नाही.