भरलेल्या दिवसात अवचितासाठी जागा कशी ठेवावी

विदर्भातल्या शेतकरी घरात मनात आले म्हणून उठून कुठे जाणे सहसा घडत नाही, कारण दिवसाचा प्रत्येक तास आधीच कोणाच्या तरी नावावर लागलेला असतो. सकाळ गोठ्याच्या, दुपार निंदणाच्या, आणि रब्बीत कित्येकदा रात्रही ओलिताच्या. म्हणून अवचित काही करण्यासाठी लागणारा वेळ, पुढच्या पेरणीचे बियाणे राखून ठेवावे तसा, आधीच बाजूला काढावा लागतो.

पहिली गोष्ट हंगाम पाहण्याची. जूनमध्ये मृगाचा पाऊस पडल्यावर किंवा ऑक्टोबरात सोयाबीन सवंगणीला आल्यावर हा प्रयोग सुरू करू नये. तेव्हा तो दोन दिवसांत मोडतो आणि पुन्हा करावासा वाटत नाही. सोयाबीन घरात येऊन दिवाळी झाली, की कापसाची वेचणी सुरू असली तरी संध्याकाळ थोडी मोकळी होते. तिथून आरंभ करावा.

त्यानंतर आठवड्यातली एक संध्याकाळ निवडावी, मात्र त्या संध्याकाळी काय करायचे हे मुळीच ठरवू नये. बाजाराचा दिवस टाळावा. जी कामे टळत नाहीत त्यांची अदलाबदल आधीच करून ठेवावी: दूध काढण्याची वेळ चुकवता येत नाही, म्हणून त्या दिवशीची धार भावाच्या घरच्यांनी काढावी आणि दुसऱ्या दिवशी त्यांची आपण; आणि रानडुकरांपासून तूर-हरभरा राखण्याची जागल असेल, तर धुऱ्याला धुरा (शेताचा बांध) लागून असलेल्या शेजाऱ्याशी पाळी बदलावी. असा एखादा शेजारी नसेल, तर बाकीच्या सगळ्या सूचना कागदावरच राहतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. घरातल्या पुरुषाला अचानक वावरात रोडगे, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे, करण्याची हुक्की येते, चार मित्र बोलावले जातात, आणि कणीक मळण्यापासून वांग्याची भाजी शिजवण्यापर्यंतचे काम दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाईच्या अंगावर पडते. एकाची उत्स्फूर्तता दुसऱ्याच्या वाढलेल्या कष्टावर उभी राहत असेल, तर तिला मी उत्स्फूर्तता म्हणणार नाही. यासाठी घरात एक नियम करावा की ज्याच्या मनात कल्पना येईल त्यानेच गोवऱ्या रचाव्यात, रोडगे भाजावेत आणि शेवटी भांडीही घासावीत. आणि आठवड्याआड ती संध्याकाळ संपूर्णपणे घरातल्या बाईची असावी, तिने मैत्रिणीकडे जावे किंवा न सांगता झोपून राहावे, त्याबद्दल कोणी विचारणा करू नये. हा नियम पाळणे कठीण जाते, हे मी आमच्याच घरात पाहिले आहे, तरी त्याला पर्याय नाही.

थोडी तयारीही लागते. सतरंजी, तिखट-मिठाची पुडी, काडीपेटी आणि चार्ज केलेली बॅटरी एका पिशवीत कायम भरून ठेवावी, म्हणजे निघताना शोधाशोधीत उत्साह विरत नाही. अंधारात धुऱ्यावरून चालताना बॅटरी आणि पायात बूट असावेतच, कारण सापाची भीती खरी आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागात राहणाऱ्यांना दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटके असतात. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाट्यमंडळ्या गावोगावी जातात आणि प्रयोग रात्रभर चालतो. शेजारच्या गावात नाटक असल्याचे संध्याकाळी कळले आणि जावेसे वाटले तर जावे, फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी फवारणी ठेवू नये. अर्धवट झोपेत कीटकनाशक हाताळणे धोक्याचे असते.

पहिले काही आठवडे त्या संध्याकाळी बहुधा काहीच सुचत नाही आणि हात आपोआप पंपाचे नोझल साफ करायला किंवा मोबाइलकडे वळतात. ते टाळावे. ओसरीवर नुसते बसावे, आणि शेजारची आजी उकडलेल्या तुरीच्या शेंगा घेऊन बसली असेल, तर तिच्याजवळ सरकून आपणही चार शेंगा सोलाव्यात.