नातवासाठी सलूनचं पुस्तक करताना

माझा नातू आठ वर्षांचा, स्वमग्न (ऑटिस्टिक). केस कापायचे म्हटलं की त्याला धरायला तीन माणसं लागायची. मी पस्तीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं, तेव्हा 'पुस्तक करू' हे मला सुचलं यात नवल नाही. पण पहिलं पुस्तक साफ फसलं. 'शहाण्यासारखं बसायचं, हलायचं नाही, रडायचं नाही.' चित्रं बरी होती, मजकूर मात्र फळ्यावरच्या सुविचारासारखा. दोन पानं ऐकून त्यानं ते सोफ्याखाली सरकवलं.

पुढे कळलं की याची एक रीत आहे. अमेरिकेत मिशिगनमधल्या शिक्षिका कॅरल ग्रे यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला 'सोशल स्टोरी' हा प्रकार रुजवला. मुलाला वळण लावणं हे त्या गोष्टीचं काम नाही. तिथे काय होतं, का होतं, एवढं त्याला सांगायचं. वाक्यं 'मी' किंवा 'लोक' धरून लिहायची, 'तू' धरून नाही. आपल्या तोंडी सारखं 'तू असं कर', त्यामुळे हे मला सर्वांत जड गेलं.

ग्रे बाईंची आणखी एक अट आहे: लिहिलेल्या गोष्टींपैकी निम्म्या तरी मुलाला आधीच जमणाऱ्या कामांवर हव्यात. म्हणून सलूनच्या आधी मी 'चपला' हे पुस्तक केलं. आमच्या घरी पाहुणे आले की हा सगळ्यांच्या चपला जोडीनं, एका रेषेत लावतो. चार पानं, चार फोटो. ते त्यानं फाटेस्तोवर वाचलं.

आता सलूनचं. आधी स्वतः जाऊन या, सकाळी गिऱ्हाईक नसताना, आणि सलूनवाल्या काकांना विचारून फोटो काढा. दार, खुर्ची, गळ्याभोवतीचं कापड, पाण्याचा फवारा, कात्री, मशीन. माणसांचे चेहरे कमी, वस्तू जास्त. आमच्या नातवाला कापडाच्या गाठीची भीती होती, हे मला त्या फोटोवर त्याचं बोट अडकलं तेव्हा कळलं. तोवर आम्ही सगळे बिचाऱ्या कात्रीला दोष देत होतो.

एका पानावर एक फोटो, एक वाक्य. 'मशीन सुरू झालं की घुर्रर्र आवाज येतो.' 'केस कापताना दुखत नाही, पण मानेला टोचू शकतं.' टोचतं ते लपवू नका, नाहीतर पुढच्या पुस्तकावर तो विश्वास ठेवणार नाही. 'नेहमी' हा शब्द टाळा, 'बहुतेक वेळा' म्हणा. मी 'दहा मिनिटं लागतात' असं लिहिलं होतं. अकराव्या मिनिटाला तो कापडासकट उठला, आणि चूक त्याची नव्हती.

रंगीत प्रिंट झेरॉक्सच्या दुकानात मिळते. लॅमिनेशन चकचकीत नको, ट्यूबलाइटचा उजेड पडला की फोटो दिसत नाही. कोपरे गोल कापायला सांगा, ते बोचतात. स्पायरल बाइंडिंग केलं की पानं सपाट उघडतात. आमचा नातू स्पायरलवर नखं फिरवत बसतो, त्याला तो आवाज आवडतो. फिरवू द्या.

वाचायचं ते तो शांत असताना, आठवडाभर आधीपासून, रोज ठरलेल्या वेळी. शेजारी बसा, समोर नको. वाचून झाल्यावर 'मग काय करायचं सांग बरं?' असा शिक्षकी प्रश्न विचारू नका (माझी जीभ आवरत नाही, पण तुम्ही आवरा). तो एकच वाक्य दिवसभर म्हणत राहिला तर टोकू नका. आमच्याकडे दोन दिवस सगळं घर 'घुर्रर्र आवाज येतो' ऐकत होतं. त्रागा सुरू झाल्यावर पुस्तक पुढे करण्यात अर्थ नाही, तेव्हा कुणालाच वाचता येत नाही.

भावंडांसाठी वेगळं पुस्तक लागतं. विकतचं घेताना एक पाहा: स्वमग्न मूल स्वतः बोलतंय की इतरच त्याच्याबद्दल बोलताहेत? शेवटी ते 'बरं' होत असेल किंवा गणिताची जादू दाखवल्यावरच मित्र मिळत असतील, तर ते पुस्तक फडताळातच राहू द्या. माझी सहावीतली नात इंग्रजी वाचते, तिला मी एल मॅकनिकोल यांची २०२० ची 'अ काइंड ऑफ स्पार्क' ही कादंबरी दिली. लेखिका स्वतः स्वमग्न आहेत, आणि त्यातली अकरा वर्षांची ॲडी स्कॉटलंडमधल्या आपल्या गावात चेटकिणी ठरवून मारलेल्या बायकांच्या स्मारकासाठी भांडते. वाचून झाल्यावर नातीनं विचारलं, "आजी, त्याला मिठी नको असते तर आपण दर वेळी का मारतो?" उत्तर माझ्याकडे नव्हतं.

राहिलं शेवटचं पान. ते कोरं ठेवा, सोबत मार्कर द्या. आमच्या पुस्तकात त्यानं तिथे एक कान काढला, शेजारी मशीन, आणि मशीनवर मोठी फुली. ते पान सलूनवाल्या काकांना दाखवलं. आता कानामागे ते कात्रीनं कापतात. वेळ जास्त लागतो, कधी अर्धेच केस कापून परत येतो, पण धरायला मी एकटी पुरते.