काडतुसातून काढलेल्या गोळ्या विकत घेताना या चुका टाळा

पिशवीवर मार्करनं लिहिलं होतं, ‘९ मिमी, ९५ ग्रेन’. मला बायकोच्या छोट्या .३८० एसीपी पिस्तुलासाठी गोळ्या हव्या होत्या, त्याला ९५ ग्रेनची गोळी चालते (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक). नव्या गोळ्यांपेक्षा भाव बराच कमी होता, म्हणून घेतल्या. घरी येऊन दहा-बारा गोळ्या तराजूवर टाकल्या, सगळ्या ९५च्या आसपास. समाधानानं काडतुसं भरायला बसलो. तिसऱ्या-चौथ्या काडतुसाची पुंगळी गोळीपाशी फुगलेली दिसली आणि ते नळीत बसेना. तेव्हा कुठे व्यास मोजायचा कॅलिपर हातात घेतला. पिशवीत दोन जातींच्या गोळ्या होत्या. काही ०.३५५ इंच व्यासाच्या, म्हणजे .३८०च्या. बाकीच्या ०.३६५ इंचाच्या, म्हणजे मॅकारॉव्ह या रशियन पिस्तुलाच्या. नाव दोन्हींचं ‘नऊ मिलिमीटर’, वजन सारखंच, व्यासात मात्र पाव मिलिमीटरचा फरक. तराजूला तो कळणं शक्यच नव्हतं.

मी अमेरिकेत राहतो. इथं पिस्तुलाच्या सरावासाठी घरी काडतुसं भरणं हा रीतसर छंद आहे. लिहितोय ते इथल्या मराठी नेमबाजांसाठी. भारतात परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, तिथं हा विषयच नाही.

बोलण्यात आपण ‘गोळी’ कशालाही म्हणतो, म्हणून आधी एवढं ठरवून घेऊ. काडतूस म्हणजे अख्खी वस्तू: पितळेची पुंगळी, बुडाला प्राइमर (दारू पेटवणारी टोपी), आत बंदुकीची दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. जुनी, नाकारलेली किंवा मुदत संपलेली काडतुसं सोडवून त्यातल्या फक्त गोळ्या हजाराच्या हिशेबानं विकतात. इथले दुकानदार त्यांना ‘पुल्ड बुलेट्स’ म्हणतात.

व्हिसाकडे दुर्लक्ष

ही चूक पैशांची नाही, थेट तुरुंगाची आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात ‘दारूगोळा’ या शब्दात भरलेलं काडतूस तर येतंच, पण सुटी गोळी, पुंगळी, प्राइमर आणि दारूही येते. आणि एच-१बी किंवा एफ-१सारख्या व्हिसावर असलेल्या माणसाला शस्त्र किंवा दारूगोळा जवळ बाळगायला सर्वसाधारणपणे बंदी आहे. शिकारीचा वैध परवाना हा मोजक्या अपवादांपैकी एक. त्यामुळे ‘नुसत्या गोळ्याच तर घेतोय, बंदूक मित्राची आहे’ हा युक्तिवाद चालत नाही. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही. स्वतःच्या वापरासाठी भरायला केंद्राचा परवाना लागत नाही, पण भरलेली काडतुसं धंदा म्हणून विकायची तर लागतो. राज्याचे नियम वेगळे, ते आपापले बघावेत.

आणि सुट्टीवर घरी जाताना बॅगेचे कप्पे उलटे करून झटका. भारतीय कायद्यात दारूगोळ्याचे सुटे भागही दारूगोळ्यातच मोडतात. नेमबाजीच्या रेंजवर नेलेली बॅग घेऊन पुण्याला जाऊ नये, एवढं साधं पथ्य मी पाळतो.

पाटीवर विश्वास, कॅलिपरचा आळस

माझी चूक हीच होती. नऊ मिलिमीटरच्या कुटुंबात इतके चुलत-मावस भाऊ आहेत की नावावर जाण्यात अर्थ नाही. ९ मिमी लुगर आणि .३८० एसीपीची जॅकेटवाली (शिशावर धातूचं आवरण असलेली) गोळी ०.३५५ इंच. .३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नमची ०.३५७, आणि नुसत्या शिशाची असेल तर बहुधा ०.३५८. मॅकारॉव्ह ०.३६५. नव्या गोळीला डब्यावर कारखान्याची जबाबदारी असते. काढलेल्या गोळीला फक्त विकणाऱ्याचं अक्षर असतं.

पिशवी फोडली की पंचवीस-तीस गोळ्या पिशवीच्या वेगवेगळ्या थरांतून काढा, वरच्या वर नकोत. प्रत्येकीचा व्यास दोन दिशांनी मोजा, कारण काढताना गोळी लंबगोल होऊ शकते. मग वजन. ११५, १२४ आणि १४७ ग्रेन ही लुगरची नेहमीची वजनं. ग्रेन म्हणजे पौंडाचा सात हजारावा भाग, म्हणजे ११५ ग्रेनच्या हजार गोळ्या साधारण साडेसात किलो आणि १२४च्या आठ किलो भरतात. पार्सल आल्यावर अख्खी पिशवी काट्यावर ठेवली तरी भेसळीचा पहिला अंदाज येतो. नमुन्यात एकही परकी गोळी सापडली, तर सगळी पिशवी निवडायची, तांदूळ निवडतात तशी. परातीत घेऊन निवडली तरी चालेल, फक्त ती परात परत स्वयंपाकघरात जाता कामा नये. शिसं आहे ते.

चिमट्याच्या खुणा

गोळी काढायच्या दोन मुख्य पद्धती. एक, चिमट्यासारख्या कोलेटनं पकडून ओढायची. दुसरी, प्लॅस्टिकच्या हातोड्यात काडतूस अडकवून आपटायचं, की गोळी जडत्वानं सुटते. हातोड्यानं गोळीचं अंग सहसा बिघडत नाही. कोलेट मात्र गोळीच्या कमरेला आवळतो आणि वळ उठवतो. जाड जॅकेटच्या गोळीवर पुसट ओरखडा असेल तर सरावाला काही बिघडत नाही. पण तांब्याचा नुसता मुलामा दिलेली गोळी असेल आणि मुलामा कापला गेला असेल, तर ती बाजूला काढा. नळीच्या आतल्या पिळदार आट्यांतून जाताना तो सोलवटू शकतो.

खरा त्रास आवळल्यामुळे बारीक झालेल्या गोळीचा. ०.३५३-०.३५४ इंचाची गोळी पुंगळीत सैल बसते. मग नवशिका काय करतो? पुंगळी तोंडाशी दाबून आणखी घट्ट करायला जातो. इथंच सगळं उलटं होतं. दाबल्यावर पितळ थोडं परत उसळतं, आतलं शिसं उसळत नाही. म्हणजे जितकं जास्त दाबाल तितकी गोळी आणखी बारीक आणि आणखी सैल. लुगरची पुंगळी नळीत आपल्या तोंडाच्या कडेवर टेकते, त्यामुळे ती कड फार आत वळली तर टेकायलाही जागा उरत नाही. गोळीला पकड द्यायची ती पुंगळीच्या भिंतीनं. बारीक गोळीवर इलाज नाही, ती भंगारात.

सैल गोळी धोक्याची का? मॅगझिनमधून वर येताना ती नळीच्या उतारावर आपटते आणि आत सरकते. लुगरची पुंगळी मुळात छोटी, दाबाची कमाल मर्यादाही चौरस इंचाला ३५,००० पौंड, .४५ एसीपीच्या २१,०००पेक्षा कितीतरी जास्त. अशा पुंगळीतली जागा थोडी जरी कमी झाली तरी दाब झपाट्यानं चढतो. म्हणून तपासणी: भरलेल्या काडतुसाची लांबी मोजा, टेबलाच्या कडेला टेकवून अंगठ्यानं चांगला दाब द्या, पुन्हा मोजा. लांबी घटली तर त्या तुकडीतलं काहीच झाडू नका.

वजन जुळलं म्हणून माप जुळवणं

‘११५ ग्रेन आहे ना, मग काडतुसं भरण्याच्या मॅन्युअलमधलं ११५चं दारूचं माप घाला’ असं म्हणणारे भेटतात. काढलेली गोळी कुणाची, कुठल्या आकाराची, हे बहुतेक वेळा माहीत नसतं. त्याच वजनाच्या पोकळ टोकाच्या गोळीचं वजन टोकाकडून कमरेकडे गेलेलं असतं, त्यामुळे ती आत जास्त खोल बसते आणि दारूसाठी जागा कमी उरते. साध्या शिशाच्या, मुलाम्याच्या आणि जॅकेटच्या गोळीची मापंही एक नसतात. छापील मॅन्युअलमध्ये आकारानं आणि बांधणीनं जवळची गोळी शोधा, तिथल्या सुरुवातीच्या मापापासून निघा आणि थोडीच काडतुसं भरून बघा. जवळची गोळी सापडतच नसेल, तर ती पिशवी स्वस्त पडली असं म्हणू नका.

गोळ्यांसोबत काढलेली दारू फुकट मिळत असेल तरी घेऊ नका. यावर चर्चाही नको. रंगावरून किंवा दाण्यावरून दारू ओळखणारा माणूस मी अजून पाहिला नाही. ओळखतो म्हणणारे पाहिलेत.

लोहचुंबक न नेणं

पाच पैशांची वस्तू, पण विसरते. लष्करी मालातल्या काही गोळ्यांचं जॅकेट पोलादाचं असतं, वर नुसतं तांबं. अनेक बंदिस्त रेंजवर दारातच चुंबक लावतात आणि चिकटली की परत पाठवतात, ठिणगीची आणि मागच्या भिंतीची काळजी असते. गाभाच पोलादाचा असेल तर मामला आणखी गंभीर. पोलाद, पितळ किंवा टंगस्टनचा गाभा असलेली पिस्तुलात चालणारी गोळी केंद्रीय कायद्यात चिलखतभेदी ठरू शकते. टोकाला रंग लावलेल्या गोळ्या तर हातही लावू नयेत. त्या उडताना उजेडाची रेषा उमटवणाऱ्या किंवा आग लावणाऱ्या असू शकतात. विकणाऱ्यानं ‘रंग सजावटीचा आहे’ म्हटलं तरी.

लष्करी गोळ्यांवर आणखी एक वैताग: पाणी शिरू नये म्हणून लावलेलं काळं डांबर. ते तसंच ठेवून भरायला बसलात तर डायमध्ये, म्हणजे गोळी बसवायच्या साच्यात, साचतं आणि प्रत्येक काडतुसाची लांबी थोडी थोडी बदलत जाते. लांबी विनाकारण हलायला लागली की मी आधी डाय उघडून बघतो, गोळ्यांना शिव्या नंतर. हातमोजे घालून खनिज टर्पेंटाइननं पुसून, पूर्ण वाळवून मगच भरा. हे काम घरात नको, मुलांजवळ तर नकोच.

रेंजवर गेल्यावर

नेम पसरला तर मी आधी वजनाची भेसळ तपासतो. लक्ष्यावर गोल भोकाऐवजी आडवं, किल्लीच्या भोकासारखं छिद्र दिसलं तर गोळी हवेत गडगडते आहे, म्हणजे बहुधा व्यास कमी आहे आणि आटे तिला धरत नाहीत. काडतूस नळीत पूर्ण बसत नसेल तर नळी सुटी करून त्यात सोडून बघा. ‘टप्’ असा आवाज करून आत गेलं आणि उलटं केल्यावर आपलं आपण बाहेर पडलं तर ठीक. अडकलं तर गोळी जाड आहे, किंवा लांबी जास्त, किंवा पुंगळीचं तोंड नीट बंद झालेलं नाही.

आणि एखाद्या फैरीला नेहमीचा दणका न येता नुसतं ‘फट्’ झालं, तर बोट चापावरून लगेच काढा. तोंड मातीच्या बांधाकडेच धरून थांबा, मॅगझिन काढा, चेंबर (काडतूस बसतं ती नळीमागची जागा) रिकामं करा, नळी सुटी करून उजेडाकडे धरा. पलीकडचा उजेड दिसला तर पुढची गोळी. नाही दिसला तर आत एक गोळी अडकलेली आहे, आणि त्या दिवसाचा सराव संपला.