पाचशेची नोट घ्या आणि फोन मोजा

2025 च्या पावसाळ्यात माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी ठणका सुरू झाला. डब्याचं झाकण उघडताना, कुलपात किल्ली फिरवताना कळ यायची. डॉक्टरांनी मनगट दाबून पाहिलं आणि विचारलं, "फोन केवढा आहे तुमचा?" मी रोज अंबरनाथहून दादरला जाते, बहुतेक वेळा उभ्यानेच. एक हात वरच्या कडीला आणि दुसऱ्यात फोन. त्या संध्याकाळी कोपऱ्यावरच्या वाण्याला सांगून फोन त्याच्या काट्यावर ठेवला, तर कव्हरसकट 238 ग्रॅम भरला. पुढचे तीन महिने मी छोटा फोन शोधत होते. त्यातून जे कळलं ते इथे लिहितेय, कारण दुकानात यातलं कोणी सांगत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे इंचांवर जाऊ नका. इंच हा स्क्रीनचा कर्ण असतो. फोन उभट होत गेला की कर्ण वाढतो, पण रुंदी वाढतेच असं नाही. आयफोन 8 प्लसची स्क्रीन 5.5 इंचांची होती आणि फोन 78.1 मिलिमीटर रुंद होता. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस24 ची स्क्रीन 6.2 इंच, तरी रुंदी 70.6 मिलिमीटरच. मुठीत मावतं की नाही ते रुंदीवर ठरतं. मनगटाला भार होतो तो वजनाचा. कंपनीच्या माहितीत हे दोन आकडे शेवटी कुठेतरी दिलेले असतात. ते आधी शोधा.

आता घरीच मोजा. पाचशेची नवी नोट 150 मिलिमीटर लांब आणि 66 मिलिमीटर रुंद असते. आत्ताचा फोन तिच्यावर ठेवून दोन्ही बाजूंनी किती बाहेर येतो ते पाहा. मग जुन्या वहीचा पुठ्ठा घ्या आणि मनात असलेल्या मॉडेलच्या मापाचे तुकडे कापा. मी 70, 73 आणि 76 मिलिमीटर रुंदीचे तीन कापले होते. कागदावर तीन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, पण पुठ्ठा हातात धरून अंगठा पलीकडच्या कडेला नेला की फरक लगेच कळतो. 76 वाल्यावर तळहात सरकवावा लागत होता आणि करंगळी आपोआप खाली टेकू द्यायला जात होती. तेच पुठ्ठे कुर्त्याच्या खिशात घालून जिना चढून उतरून पाहिलं. त्यावरून माझी मर्यादा ठरली: रुंदी 71 च्या आत, वजन 170 ग्रॅमच्या आत. तुमची वेगळी निघेल, पण दुकानात पाऊल टाकण्याआधी ती कागदावर लिहिलेली असू द्या.

त्या चाळणीतून फार थोडे फोन खाली येतात. ॲपलने 2020 मध्ये 12 मिनी आणि 2021 मध्ये 13 मिनी काढला. जेमतेम 64.2 मिलिमीटर रुंद आणि दीडशे ग्रॅमच्याही आतले, पण 2022 च्या मालिकेत मिनी आलाच नाही. आज तो वापरलेला मिळतो. घेणार असाल तर सेटिंगमध्ये बॅटरीची क्षमता किती टक्के उरली आहे ते स्वतः उघडून पाहा आणि 80 च्या खाली असेल तर बॅटरी बदलण्याचा खर्च किमतीत धरा. 2025 मध्ये आलेल्या फोनमध्ये गॅलेक्सी एस25 70.5 मिलिमीटर आणि 162 ग्रॅमचा आहे, आणि वनप्लस 13एस 71.7 मिलिमीटर, 185 ग्रॅमचा, म्हणजे माझ्या मर्यादेच्या थोडा बाहेरचा. घडीचे फोन मी बाजूला ठेवले. खिशात छोटे वाटले तरी उघडल्यावर ते पुन्हा मोठेच होतात.

किमतीचं मात्र वाईट वाटतं. आईसाठी 15,000 च्या आत छोटा फोन हवा होता, तो मिळाला नाही. 20,000 च्या खाली जवळजवळ सगळे फोन साडेसहा इंचांच्या वरचे आणि 75 ते 78 मिलिमीटर रुंद आहेत. ज्यांचे हात लहान आहेत किंवा बोटं दुखतात, अशा किती बायकांना हे रोज सोसावं लागत असेल! छोटा फोन बहुतेक महागड्या मालिकेतच येतो. एस25 बाजारात आला तेव्हा 80,999 रुपयांना होता, 13एस 54,999 ला. यावर उपाय एकच, मागच्या वर्षीचं मॉडेल दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये घ्यायचं. फक्त अपडेट किती वर्षं मिळणार ते तपासा, आणि ती वर्षं फोन बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. एस24 जानेवारी 2024 मध्ये आला आणि त्याला सात वर्षांचं आश्वासन आहे, म्हणजे 2031 पर्यंत. एस23 ला सुरक्षा अपडेट पाच वर्षं, म्हणजे 2028 पर्यंतच.

छोट्या फोनसाठी सोडायचं काय, तर बहुधा बॅटरी. एस24 ची 4000 एमएएच (बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) आहे, 13एस ची 5850. ऑफिसातल्या मैत्रिणीने वजन थोडं जास्त चालेल म्हणून 13एस घेतला, आणि तिच्या दृष्टीने ते बरोबरच होतं, कारण तिला दिवसभर फिरतीवर असावं लागतं. मला टेबलाशी चार्जर आहे. मी एस24 घेतला.

दुकानात दोन गोष्टी न लाजता करा. मांडणीतल्या फोनला मागे तार बांधलेली असते, तिच्यामुळे वजनाचा अंदाज येत नाही. तार काढून द्यायला सांगा. मग दुसऱ्या हातात पर्स धरून उभं राहून एका हाताने मराठी टाइप करा. हे इंग्रजीवर तपासून उपयोग नाही. देवनागरी कळफलकावर अक्षरं जास्त, म्हणून प्रत्येक कळ आणखी बारीक होते. "स्वातंत्र्य", "ज्येष्ठ", "दुष्टचक्र" लिहून पाहा. चुकत असाल तर एका हाताचा कळफलक चालू करा. गूगलच्या जीबोर्ड या कळफलकाच्या ॲपमध्ये तो आहे. नंतर मराठी बातमी उघडून अक्षर मोठं करा. माझं वय 47, जवळचा चष्मा आहे. अक्षर बारीक असलं की र्‍हस्व-दीर्घ वेलांटी आणि जोडाक्षरातला र एकमेकांत मिसळतात. अक्षर तुमच्या डोळ्यांना हवं तेवढं केल्यावर एका वेळी आठ-दहा ओळी दिसत असतील, तर फोन चालेल. चार-पाचच दिसत असतील तर थोडा रुंद घ्या, डोळे मारून अंगठा वाचवू नका.

कव्हर मात्र पातळच घ्या. जाड कव्हरने रुंदी तीन-चार मिलिमीटर वाढते आणि मोजमाप करून मिळवलेलं सगळं तिथेच जातं. मी साधं सिलिकॉनचं घेतलं. वाण्याच्या काट्यावर आता 188 ग्रॅम येतात.