पावसाळा सरल्यावरची फुलबाग: आधी खुणा, मग कुदळ

हस्ताचा शेवटचा पाऊस पडून गेला की बागेत शिरल्याबरोबर हात कुदळीकडे जातो. चार महिने चिखलात मनासारखं काम झालेलं नसतं, वाफ्यांत तण गुडघ्याला लागलेलं असतं, गुलाबाच्या ओळीत मध्येच दोन-तीन झाडं वाळलेली दिसतात. दसरा-दिवाळीच्या मध्ये माणसं मिळालीच आहेत तर सगळी बाग एकदाच उकरावी आणि नांग्या, म्हणजे मेलेल्या झाडांच्या रिकाम्या जागा, भरून मोकळं व्हावं, असं वाटतं. माझं कळकळीचं सांगणं आहे, तसं करू नका. गुलाब, निशिगंध, मोगरा, शेवंती ही सगळी वर्षानुवर्षं एका जागी राहणारी, पण मुळं हलवायची प्रत्येकाची वेळ निराळी. ऑक्टोबरात बहुतेकांची फक्त खूण करून ठेवायची असते.

पहिली फेरी रिकाम्या हाताने नको. वही, रंगीत सुतळी आणि बांबूच्या बोटभर जाड काड्या बरोबर घ्या. मेल्यासारखं दिसणारं झाड लगेच उपटू नका. खोडावर नखाने साल खरवडा, शेंड्यापासून खाली येत येत. आत कुठेही ओला हिरवा पापुद्रा दिसला तर झाड जिवंत आहे. मागच्या वर्षी माझ्या ओळीतलं एक झाड वरून काळं पडलं होतं, पण जमिनीपासून वीतभर उंचीवर साल हिरवी निघाली. तिथून छाटलं, आणि डिसेंबरात त्याच झाडाला बोटाएवढ्या जाड दोन फुटी होत्या. तपकिरी, कोरडं लाकूड थेट कलमाच्या जोडापर्यंत गेलं असेल तरच काडी रोवा आणि वहीत नांगी लिहा. जोडाच्या खालून आलेली फूट मात्र खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या झाडाची, असते. ती कितीही जोमदार दिसली तरी माती बाजूला करून मुळाशीच काढा.

ऑक्टोबरचं खरं मोठं काम गुलाबाच्या छाटणीचं. पावसाने उघडीप दिली आणि जमिनीला वाफसा आला, म्हणजे जादा ओल जाऊन माती मोकळी झाली, की करून घ्या. वाफसा बघायला मूठभर मातीचा लाडू वळून कमरेएवढ्या उंचीवरून टाका. तो फुटून मोकळा झाला पाहिजे, चपटा होऊन बसला तर अजून थांबा. छाटणीआधी काही दिवस पाणी तोडा. रोगट, वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या आधी काढा, मग उरलेल्या निरोगी फांद्या ३० ते ४५ सेंटिमीटरवर घ्या. काप बाहेरच्या बाजूच्या डोळ्याच्या (फुटणाऱ्या कोंबाच्या) थोडा वर आणि तिरपा, उतार डोळ्याच्या उलट दिशेला. सिकेटरला (छाटणीच्या कात्रीला) धार नसेल तर काड्या चिरडतात, आणि शेंड्याकडून फांदी वाळवत आणणारी शेंडेमर तिथूनच आत शिरते.

प्रत्येक जाड कापावर त्याच दिवशी बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप, लावा. १ किलो मोरचूद ५ लिटर पाण्यात, १ किलो कळीचा चुना वेगळ्या ५ लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत, मग एकत्र. त्यात लोखंडी सुरी मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना लागेल. पेस्ट दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात छाटलेल्या बागेला साधारण दीड महिन्याने फुलं येतात, म्हणजे तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई साधते.

काही जुने बागायतदार या वेळी आळ्यातली माती काढून गुलाबाची मुळं आठवडाभर उघडी ठेवतात. आपल्याकडे कडक थंडी नाही, म्हणून झाडाला तेवढा विसावा देण्याचा तो प्रयत्न असतो. भारी जमिनीत तो चालतो. माझ्या मुरमाड जमिनीत मी करत नाही, चित्रा नक्षत्राचं ऊन बारीक मुळं भाजून काढतं.

शेवंतीचं काम वेगळं. तिच्या काश्या (बुडातून निघणारे फुटवे) फुलं संपल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत घ्यायच्या, पण तेव्हा छाटलेली सगळी झाडं सारखीच दिसतात. म्हणून आत्ता, ऐन बहरात, ज्या झाडाची फुलं भरगच्च आहेत, पानं खालपर्यंत हिरवी आहेत आणि देठ ताठ आहे, त्याच्या बुडाशी लाल सुतळी बांधा. वेड्यावाकड्या फुलाच्या, पिवळसर पडलेल्या झाडाला काळी. पुढच्या हंगामाचं बेणं लाल सुतळीच्याच झाडांचं घ्या. पाच मिनिटांचं हे काम वर्षभराचा प्लॉट ठरवतं, आणि हेच काम सगळ्यात जास्त वेळा राहून जातं.

निशिगंधाला आत्ता कुदळ लावू नका. तिसरं वर्ष संपत आलेल्या प्लॉटमध्ये दांडे बारीक आणि आखूड येतात, ते बघून हात शिवशिवतात. मी एकदा ऑक्टोबरातच गड्डे खणून दुसरीकडे लावले. पुढच्या पावसापर्यंत नुसती पानं मिळाली आणि चालू दांडेही गेले. प्लॉटवर काडी रोवा, फुलं तोडत राहा. थंडीत पानं पिवळी पडली की पाणी बंद करून खणा, कंद सावलीत ठेवा आणि २ ते ३ सेंटिमीटर जाडीचे निवडून एप्रिल-मेमध्ये लावा. फुले रजनी असो वा प्रज्वल, जाती मिसळू देऊ नका. पिशवीवर नाव आत्ताच लिहून ठेवा.

मोगऱ्याला फक्त तण काढा. लागवड जून-जुलैची, छाटणी डिसेंबरच्या आसपासची. आत्ता खत-पाणी वाढवलं तर कोवळी फूट निघते आणि विसावा मोडतो. सोनटक्क्याचे फुलून गेलेले दांडे बुडापासून कापा, गड्डे पावसाच्या तोंडावर फोडा. परसातल्या फायरबॉल लिलीची पानं आता पिवळी पडून नाहीशी होतील. त्याआधी तिथे काडी हवी, नाहीतर जानेवारीत कुणीतरी रिकामी जागा समजून खुरपं घालतं.

आता गुलाबाच्या नांग्या. मेलेल्या झाडाच्या जागी तीच माती ठेवून नवं कलम लावलं तर बहुतेक वेळा तेही रडतं. ४५ सेंटिमीटर लांब, रुंद, खोल खड्डा घ्या, जुनी मुळं वेचून काढा आणि ती माती गुलाबाच्या ओळीत पसरू नका. खणताना इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली पांढरी अळी दिसली तर ती हुमणी. वेचून मारा आणि शेजारच्या झाडांच्या मुळाशीही बघा. अर्धकच्चं शेणखत तिला आयतं घर देतं, म्हणून खत पूर्ण कुजलेलंच हवं. १०० किलो शेणखतात १ किलो ट्रायकोडर्मा (उपकारक बुरशीची पावडर) मिसळून, ओलसर ठेवून, आठवडाभर सावलीत झाका.

खड्डे चित्रात उघडे तापू द्या. तेवढ्या दिवसांत ठिबकच्या नळ्यांची टोकं उघडून पाणी सोडा. पावसाळाभर बंद राहिलेल्या नळीतून आधी गढूळ पाणी आणि शेवाळ निघतं. स्वच्छ पाणी आलं की टोकं बंद करून एकेक ड्रीपर बघा.

स्वाती लागली, दुपारची काहिली कमी झाली, की दुसऱ्या जागेची माती आणि तयार झालेलं खत घालून खड्डे भरा आणि संध्याकाळी कलमं लावा. जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. पश्चिमेच्या बाजूला तुराट्या किंवा शेवरीची पाल्याची फांदी रोवून आठ-दहा दिवस उतरत्या उन्हापासून सावली करा. नवा डोळा फुगलेला दिसला की फांदी काढून घ्या.