बेळगावात नवीन आलात? पावसाळ्यातला देशी मका थंडीसाठी असा गोठवा

बदलीवर आलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : स्वीट कॉर्न बारा महिने मिळतो, मग गोठवायचा कशाला? स्वीट कॉर्न खुशाल लागेल तसा आणा. गोठवायचा तो देशी मका. जूनच्या पावसावर पेरलेल्या मक्याची कोवळी कणसं साधारण ऑगस्टच्या अखेरीपासून दसऱ्यापर्यंत गाड्यांवर दिसतात. मग दाणा शेतात उभ्या ताटावरच वाळतो आणि कोंबडीखाद्याला नाहीतर स्टार्चला जातो. थंडीत उसळीला तो हवा असेल तर आत्ताच हात चालवायला हवेत.

खानापूरकडे भाताची शेती. मका बहुतेक पूर्वेकडून येतो, बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाक या बाजूने. कणीस तोडल्यापासून त्यातली साखर पिठात बदलत जाते आणि उकाड्यात हे फारच झपाट्याने होतं. म्हणून सकाळी आणलेला मका संध्याकाळपर्यंत फ्रीझरमध्ये गेला पाहिजे. जमत नसेल तर पानांसकट फ्रिजमध्ये ठेवा. पोत्यात ढीग करून ठेवलात तर आतली कणसं गरम होतात आणि चव तिथेच जाते. बेळगावच्या गणपत गल्लीतल्या बाजारात मराठीवर भागतं. पूर्वेकडच्या आठवडी बाजारांत मात्र ऐदु (पाच), हत्तु (दहा) एवढे कन्नड आकडे तरी यायला हवेत.

कणसाचे केस टोकाला तपकिरी, सुकलेले आणि पानं मात्र हिरवीगार असावीत. शेंड्याकडची पानं जरा बाजूला करून एका दाण्यात नख रुतवा. दुधासारखा रस उडाला तर घ्या. नुसतं पाणी आलं तर कणीस अजून कच्चं आहे. रस न येता कणकेसारखं लागलं तर ते उसळीच्या कामाचं नाही, पण किसाला चालतं. अशी कणसं वेगळी ठेवा, मिसळू नका.

आता खरं काम. मोठ्या पातेल्यात ४ लिटर पाणी खळखळून उकळा आणि एका वेळी तीन-चारच सोललेली कणसं टाका. मिनिटभरात पाण्याला पुन्हा उकळी आली नाही तर कणसं जास्त झाली असं समजा. उकळी परतल्यापासून ४ मिनिटं मोजा. हे टाळून कच्चेच दाणे गोठवणारे खूप आहेत. दाण्यातली एन्झाइम थंडीत मरत नाहीत, मंदावतात एवढंच. मग दीड-दोन महिन्यांत दाण्याला जुनाट वास येऊ लागतो. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, पाणी दोन-तीन अंश आधीच उकळतं, पण त्यासाठी वेळ वाढवायची गरज नाही.

लगेच बर्फाच्या पाण्यात. जेवढी कणसं, तेवढाच बर्फ वजनाने लागतो. ट्रेमधल्या चार खड्यांनी काही होत नाही. आदल्या रात्री स्टीलच्या डब्यांत प्यायच्या पाण्याचा बर्फ करून ठेवा. बहुतेकांचा मका इथेच बिघडतो. दाणे वरून गार लागतात, पण आतला दांडा गरमच असतो, दाणे शिजत राहतात आणि दांड्याचा वास धरतात. देठाकडचं टोक हाताला गार लागल्याशिवाय सुरी लावू नका.

परातीत वाटी पालथी घालून तिच्यावर कणीस उभं धरा आणि दाण्याच्या पाऊण खोलीवरून सुरी चालवा. बुडापर्यंत कापलंत तर कुसं येतात, ती दातात अडकतात. दाणे पंचावर पसरून कोरडे करा, ताटात एकाच थरात तासभर फ्रीझरमध्ये ठेवा, मग जाड झिपच्या पिशव्यांत भरून हवा दाबून काढा. एका वेळच्या उसळीपुरती एक पिशवी, वर तारीख. कॅरीबॅग नको, तिच्यावर बंदी आहेच, शिवाय त्या पातळ पिशवीत दाणे सुकतात. अख्खी कणसं गोठवायच्या फंदात पडू नका. जागा खातात आणि आकाराप्रमाणे ७ ते ११ मिनिटं उकळावी लागतात.

दोन दारांच्या फ्रिजमध्येही एका दिवशी दोन किलोच्या वर दाणे घालू नका. सावकाश गोठलं की आत बर्फाचे मोठे खडे होतात, दाणा फुटतो आणि शिजवताना पाणी सुटतं. उणे १८ अंशांवर आठ महिने निश्चिंत. एका दाराच्या फ्रिजमधल्या बर्फाच्या कप्प्यावर मात्र दोन-तीन महिन्यांपलीकडे भरवसा ठेवू नका.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात वीज तासन्‌तास जाते. फ्रीझरमध्ये वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर एक नाणं ठेवा. गावाहून परतल्यावर नाणं तळाला दिसलं तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलं होतं. तो मका टाकून द्या. डोळ्यांदेखत वितळला आणि दाण्यांवर अजून बर्फाची कणी असेल, तर त्याच दिवशी कीस करा. एरवी उसळीला दाणे बाहेर काढून ठेवू नका. फोडणीत आधणाचं पाणी घालून गोठलेलेच टाका. देशी मक्याला कुकरच्या दोन शिट्ट्या लागतात.