विद्यापीठातल्या तळ्यावर पक्षी बघायला जायचंय? चालू नका, बसा

कोल्हापुरात झाडी आणि पाणी एकत्र बघायला दाजीपूरच गाठलं पाहिजे असं नाही. शिवाजी विद्यापीठ 1962 पासून आहे. त्याच्या आवारात गर्द झाडी आहे, तळी आहेत आणि पहाटे मोरांचा ओरडा ऐकू येतो. फक्त उजाडायच्या सुमारास पोचा. आठ वाजले की फिरायला येणाऱ्यांच्या गप्पा सुरू होतात, मग पक्षी आत सरकतात.

बहुतेक जण तळ्याला एक चक्कर मारतात आणि 'काही दिसलं नाही' म्हणत परततात. त्यापेक्षा काठावर झाडाच्या सावलीत, सूर्य पाठीशी घेऊन वीस मिनिटं गप्प बसा. चिखलातलं मातकट ढेकूळ अचानक पांढरेशुभ्र पंख उघडून उडतं, तो वंचक, बगळ्याच्या जातीचा पक्षी. टिबुकली हा छोटा पाणपक्षी. ती बुडी मारते ती भलतीकडेच वर येते. कुठे येईल यावर मुलांना पैज लावू द्या, तेवढा वेळ तरी ती शांत बसतात! पाण्यावर वाकलेली वाळकी फांदी मात्र सोडू नका, मासे पकडणाऱ्या खंड्या पक्ष्याची बैठक तीच.

कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे घाला. पावसाळ्यात काठ निसरडा असतो आणि गवतात साप असू शकतो, म्हणून चपलेऐवजी बूट आणि पाय ठेवताना नजर खाली. माशांना पाव-फरसाण टाकू नका, पाणी नासतं. भूक लागली तर मिसळ आहेच, नऊपर्यंत दम धरा.